मुक्त संचार गोठ्यावर नोकरी: मोकळा कळप हाताळायला कसे शिकावे?

नीराकाठ (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी माळशिरस तालुक्यातला असून माझे वय 24 आहे. आमच्या घरी दोन-तीन संकरित गाई आणि परवापरवापर्यंत खिल्लार बैलांची एक जोडी होती, त्यामुळे धार काढणे, वैरणकाडी, वेत आणि माजाच्या नोंदी ही कामे मी शाळेत असल्यापासून करत आलो आहे. गेल्या महिन्यात इंदापूर तालुक्यातील 140 संकरित होल्स्टिन गाईंच्या एका मुक्त संचार गोठ्यावर, म्हणजे गाई न बांधता मोकळ्या ठेवतात अशा गोठ्यावर, मला पर्यवेक्षकाचे काम देऊ करण्यात आले. महिन्याला 18,000 रुपये, राहायला खोली आणि दोन वेळचे दूध असे ठरत आहे. पहाटे 4 वाजता आणि दुपारी 4 वाजता गाई पार्लरकडे (यंत्राने दूध काढण्याच्या जागेकडे) आणणे, माजावरच्या व आजारी गाई वेगळ्या काढणे आणि वासरांची देखभाल ही मुख्य कामे आहेत.

होकार देण्यापूर्वी मी तेथे दोन दिवस राहून आलो आणि तेव्हापासून मन थोडे अस्वस्थ आहे. आमच्या घरची गाय दावणीला असते. कासरा सोडला की ती कुठे जाणार हे तिलाही ठाऊक असते आणि मलाही. तेथे मात्र एका लंगडणाऱ्या गाईला खोड्यात (जनावर पक्के धरून ठेवायच्या चौकटीत) घ्यायला आम्हा तिघांना पाऊण तास लागला. ती तीन वेळा खोड्याच्या तोंडाशी येऊन मागे फिरली आणि शेवटी इतकी बिथरली की पाठोपाठ दहा-बारा गाई धावू लागल्या आणि त्यांतली एक घसरून पडली. तेथील कामगार प्लॅस्टिकचा पाईप घेऊन ओरडत गाई हाकतात. त्यांच्यातील एकाचे मनगट फाटकाचा तडाखा बसून मोडले होते आणि तो एका हाताने शेण ओढत होता, हे दृश्य डोळ्यांसमोरून जात नाही.

मला हे काम मनापासून आवडते, परंतु मोकळ्या जनावरांना पाईपाशिवाय कसे वळवायचे, त्यात स्वतःला इजा कशी होऊ द्यायची नाही आणि या कामात पुढे काही वाट आहे का, हे जाणकारांनी सांगावे. वडिलांचे म्हणणे असे आहे की दुसऱ्याच्या गोठ्यात शेण काढण्यासाठी शिकवले नव्हते. त्यांना काय उत्तर द्यावे हेही मला सुचत नाही.


गव्हाण (प्रतिसाद)

मी फलटण तालुक्यात 15 वर्षे गोठा व्यवस्थापक म्हणून काम करतो आहे. आपण होकार देण्यापूर्वी दोन दिवस राहून आलात, हे फार चांगले केलेत.

आपली अडचण अगदी स्वाभाविक आहे. दावणीच्या गाईला आपण दोराने वळवतो, मोकळ्या गाईला मात्र आपण कुठे उभे आहोत आणि कसे चालत आहोत यानेच वळवावे लागते. गाईचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे तिला जवळजवळ सगळीकडचे दिसते. अगदी शेपटीमागचा पट्टा तेवढा दिसत नाही. म्हणून बरोबर मागून जाणारा माणूस तिच्या दृष्टीने एकाएकी नाहीसा होतो, आणि मग ती एक तर वळून पाहते किंवा लाथ झाडते. मागून हाकण्याची आपली सवय इथेच घात करते.

प्रत्येक जनावराभोवती एक अदृश्य वर्तुळ असते. आपण त्याच्या आत पाऊल टाकले की ते हलते आणि आपण बाहेर आलो की थांबते. रोज हाताखालून जाणाऱ्या दुभत्या गाईचे हे वर्तुळ हातभर असते, नवख्या कालवडीचे दहा-पंधरा पावलांचे असू शकते. खिल्लार तुम्ही सांभाळले आहेत, त्यामुळे परका माणूस दिसताच ते किती लांबूनच कान टवकारतात हे तुम्हाला सांगायला नको. दुसरी खूण खांद्याची आहे. गाईच्या खांद्यातून एक आडवी रेघ गेली आहे असे समजावे. त्या रेघेच्या मागच्या बाजूने तिरके आत गेलात तर गाय पुढे निघते, रेघेच्या पुढे आलात तर ती थांबते किंवा मागे सरते. खोड्याच्या तोंडाशी गाय अडते तेव्हा बहुतेक वेळा एक माणूस मागून ढकलत असतो आणि मदतीला आलेला दुसरा नेमका तिच्या डोक्याशी उभा राहून हातवारे करत असतो, म्हणजे एक जण जा म्हणतो आणि दुसरा येऊ नको म्हणतो. तुमच्या त्या पाऊण तासात तिघे कुठे उभे होतात, ते एकदा आठवून पाहा.

या सगळ्यात सर्वांत अवघड गोष्ट आहे थांबणे. गाईने योग्य दिशेला एक पाऊल टाकले की आपण लगेच अर्धे पाऊल मागे घ्यायचे, म्हणजे तिला कळते की चालले की त्रास संपतो. पाऊल टाकूनही पाठीवर पाईप बसतच राहिला तर तिने काय शिकायचे? आमच्याकडे नवीन कामगाराला पहिला आठवडा हातात काहीही न देता फक्त कळपातून फिरायला लावतो. कोणती गाय कुणाला वाट देते, कोणती कोणाच्या जवळ उभी राहते, कोणती पार्लरमध्ये पहिल्या फेरीत जाते आणि कोणती नेहमी शेवटी, हे त्याला आठवड्यानंतर सांगता आले पाहिजे. पार्लरमध्ये शिरण्याचा गाईंचा क्रम बराचसा ठरलेला असतो आणि तो मोडायचा प्रयत्न केला की गोंधळ होतो.

एकट्या गाईला कळपातून तोडून खोड्यात नेऊ नये. तिच्याबरोबर दोन-तीन गाई बोळात, म्हणजे खोड्याकडे नेणाऱ्या अरुंद वाटेत, घ्याव्यात, हवी ती खोड्यात राहू द्यावी आणि बाकीच्या पुढून सोडून द्याव्यात.

शिवाय गाय का अडते हे तिच्या उंचीवरून पाहावे. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्य विद्यापीठातील प्राध्यापिका टेंपल ग्रँडिन यांनी जनावरे हाताळण्याच्या पद्धतींवर आयुष्यभर काम केले आहे. जनावराला काय दिसते हे समजून घेण्यासाठी त्या स्वतः जनावरांच्या बोळात उतरून पाहत असत. मीही एकदा तसेच केले. आमच्या गाई एका वळणावर रोज अडत होत्या आणि कामगार रोज ओरडत होते. वाकून पाहिल्यावर दिसले की फॉगरची (पाण्याचे तुषार उडवणाऱ्या यंत्राची) काळी नळी वाटेत आडवी पडली होती, आणि सकाळच्या उन्हात तिची सावली पाण्यावर हलत होती. नळी वर बांधली आणि दुसऱ्या दिवसापासून ओरडणे थांबले. लोंबणारी साखळी, गटारावरची जाळी, कुंपणावर टाकलेला सदरा, उजेडातून एकदम अंधारात जाणारे दार अशा गोष्टी आधी पाहाव्यात. गाईला खोली नीट जोखता येत नाही, त्यामुळे जमिनीवरची गडद सावली तिला खड्ड्यासारखी वाटू शकते.


पशुवैद्यक_नगर (प्रतिसाद)

वरील प्रतिसाद अनुभवाचा आहे आणि त्यातील प्रत्येक मुद्द्याशी मी सहमत आहे. मी त्यात दोन गोष्टींची भर घालतो. दुसरी अधिक महत्त्वाची आहे.

पहिली गोष्ट मालकाला पटवण्यासाठी उपयोगी पडेल. कासेला स्पर्श झाला की गाईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात येते, पान्हा सुटतो आणि त्याचा परिणाम साधारण पाच ते सात मिनिटेच टिकतो. पार्लरमध्ये शिरताना ती घाबरलेली असेल तर ॲड्रिनॅलिनमुळे पान्हा अडतो आणि दूध कासेतच राहते. आपण त्याला गाय दूध चोरते असे म्हणतो. वास्तविक तिचा त्यात काही दोष नसतो. राहिलेल्या दुधामुळे कासदाहाला (कास सुजण्याच्या आजाराला) वाव मिळतो तो वेगळाच. म्हणजे पाईपाने हाकण्याचा खर्च दुधाच्या हिशेबात कुठेतरी येतोच, फक्त वहीत तो त्या नावाने लिहिला जात नाही.

दुसरी गोष्ट आपल्या जिवाची आहे. गाय घोड्यासारखी सरळ मागे लाथ मारत नाही. तिचा पाय आधी पुढे येतो आणि मग बाजूने गोल फिरत मागे जातो, म्हणून मागच्या मांडीजवळ हातभर अंतरावर उभे राहणे सर्वांत वाईट. एक तर लाथेच्या टप्प्याबाहेर राहावे, नाही तर अंगाला अगदी खेटून, पाठीवर हात ठेवून उभे राहावे, म्हणजे तिचे वजन पायावरून हलताना हाताला कळते. खोड्याच्या नळ्यांमधून हात आरपार घालून मागचा दांडा कधीही धरू नये. फाटक उघडे असताना त्याच्या मागे उभे राहू नये, कारण पाचशे किलोची गाय फाटकावर आदळली की धडक फाटकाला बसते आणि हाड माणसाचे मोडते. ज्या कामगाराचे आपण वर्णन केले आहे त्याच्या बाबतीत बहुधा हेच घडले असावे. गोठ्याच्या प्रत्येक कप्प्यात माणूस आडवा होऊन निसटू शकेल पण गाय शिरणार नाही अशी सुमारे 35 सेंटिमीटरची फट असावी. नसेल तर मालकाकडे ती मागून घ्यावी, त्याला फारसा खर्च येत नाही.

आजारांविषयी दोन शब्द. गाभडलेल्या (गर्भपात झालेल्या) गाईचा जार (वार) आणि व्याल्यानंतरचे स्राव उघड्या हाताने हाताळू नयेत, कारण ब्रुसेल्लोसिसचे जंतू त्यातून माणसात येतात आणि मग चढउताराचा ताप व सांधेदुखी महिनोन्‌महिने छळते. अडलेल्या गाईचे वासरू ओढताना खांद्यापर्यंतचे हातमोजे घालावेत आणि कच्चे दूध पिऊ नये. कालवडींना वयाच्या 4 ते 8 महिन्यांत एकदाच दिली जाणारी ब्रुसेल्लाची लस जिवंत जंतूंची असते, म्हणून लसीकरणाच्या वेळी कालवड पक्की धरलेली असणे हे टोचणाऱ्याच्याही सुरक्षेसाठी आवश्यक असते. सुई चुकून माणसाच्या हातात घुसल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

एक गोष्ट मात्र मी प्रत्येक नव्या कामगाराला हात धरून सांगतो. एखादी गाय लाळ गाळते आहे, घोगऱ्या आवाजात सतत हंबरते आहे, तिला पाणी गिळता येत नाही, असे दिसले की घशात काहीतरी अडकले असे समजून लोक तोंडात हात घालतात. ती पिसाळलेली असू शकते. कितीही अनुभवी माणूस पुढे सरसावला तरी त्याला अडवावे, गाय वेगळी बांधावी आणि पशुवैद्यकाला बोलवावे. या क्षेत्रात उतरताना धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे आणि रेबीजच्या पूर्वप्रतिबंधक लसीविषयी आपल्या डॉक्टरांना विचारावे.


वायकाटो_ते_बारामती (प्रतिसाद)

पुढे वाट आहे का, या प्रश्नावर मी माझा अनुभव सांगतो. मी न्यूझीलंडच्या वायकाटो भागात चार हंगाम दूध-शेतीवर काम केले आणि आता परत येऊन बारामतीजवळ स्वतःचा 30 गाईंचा गोठा करतो आहे.

तेथील काम आपल्याकडच्या मुक्त गोठ्याहूनही वेगळे आहे, कारण गाई बाराही महिने उघड्या कुरणावर असतात. त्यांना विजेच्या एका तारेने रोज ताजा गवताचा पट्टा आखून दिला जातो आणि जवळजवळ सगळा कळप जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे त्यांच्या हिवाळ्याच्या शेवटी, एकदम वितो. त्या सहा-आठ आठवड्यांत पावसात, अंधारात, गुडघाभर चिखलात दिवसाला दहा-दहा वासरे उचलून आणावी लागतात. तेथील दूध-हंगाम 1 जूनला सुरू होतो, त्यामुळे नोकऱ्याही बहुधा त्या तारखेला धरून बदलतात. दोघांनी मिळून तीन-साडेतीनशे गाईंचे दूध काढणे ही तेथे नेहमीची गोष्ट आहे. हे शक्य होते ते शेडच्या रचनेमुळे. गाई तिरक्या उभ्या राहतात आणि माणूस मधल्या खड्ड्यात उभा असतो, ती हेरिंगबोन पद्धत 1952 मध्ये वायकाटोतल्याच रॉन शार्प या शेतकऱ्याने बसवली. आपल्याकडच्या पार्लरमध्ये आज तीच मांडणी दिसते.

पहिल्या महिन्यात मी चार चाकांच्या मोटारसायकलवरून गाई शेडकडे आणत होतो आणि लवकर पोहोचावे म्हणून मागच्या गाईंच्या अगदी पायांशी गाडी नेत होतो. मालकाने मला थांबवले, गाडीवरून उतरवले आणि गाईंचे पाय बघायला सांगितले. निवांत चालणारी गाय मान खाली ठेवून पुढचा पाय कुठे टाकायचा ते बघते आणि मागचा पाय जवळजवळ त्याच जागी टाकते. मागून रेटा आला की सगळ्यांच्या माना वर जातात, पाय कुठे पडतो ते दिसत नाही आणि खडा खुरात घुसतो. त्या शेतावर लंगड्या गाई वाढल्या की आधी माणसांची चौकशी होत असे आणि नंतर खुरांची. नीराकाठ, तुम्ही पाहिलेली ती लंगडी गाय आणि तो पाईप यांचा संबंध असेलच असे मी म्हणत नाही, पण गेल्या गेल्या लंगड्या गाईंची संख्या मोजा आणि ती गाई कशा आणल्या जातात याच्या शेजारी लिहून ठेवा.

परदेशाचा विचार असेल तर आधी येथे किमान दोन वर्षे एका ठिकाणी टिकून काम करावे, नोंदी स्वतःच्या हाताने ठेवाव्यात, ट्रॅक्टर आणि चारचाकीचा परवाना काढावा आणि फोनवर न अडखळता इंग्रजी बोलण्याइतकी तयारी करावी. नोकरी मिळवून देतो म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्या मध्यस्थाला एक रुपयाही देऊ नये. माझे पहिले दीड लाख असेच गेले आणि ते फेडायला आईने दोन तोळे सोने मोडले, म्हणून हे कळकळीने लिहितो आहे. एकटेपणाचीही तयारी ठेवावी. जवळचे घर तीन किलोमीटरवर आणि मराठी बोलणारा माणूस रविवारी फोनवर, असे ते दिवस होते.

तेथून आणावी अशी एक गोष्ट म्हणजे अपघाताचे संरक्षण. न्यूझीलंडमध्ये 1974 पासून अपघातात जखमी झालेल्या प्रत्येकाला, चूक कोणाची हे न पाहता, उपचारासाठी साहाय्य मिळते. आपल्याकडे त्या मोडलेल्या मनगटाच्या माणसाला एका हाताने शेण ओढावे लागले, हे वाचून मला वाईट वाटले. निदान प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना तरी स्वतःची आणि हाताखालच्या प्रत्येक कामगाराची करून घ्या. वर्षाला 20 रुपये बँक खात्यातून जातात आणि अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आल्यास 2 लाख रुपये मिळतात. मोडलेल्या मनगटाचा खर्च त्यातून निघणार नाही, म्हणून उपचाराचा खर्च आणि भरपगारी रजा मालकाने द्यावी, हे कामावर रुजू होण्यापूर्वीच लिहून घ्यावे.


पारनेरची_लेक (प्रतिसाद)

नीराकाठ भाऊ, आमचा पारनेर तालुक्यात 18 गाईंचा मुक्त गोठा आहे. यजमान पुण्याला नोकरीला असल्यामुळे आठ वर्षे तो मी आणि सासूबाई पाहतो. आम्हा दोघींत मिळून एका गाईला ओढण्याचे बळ नाही, म्हणून आम्हाला पहिल्यापासून समजुतीनेच काम करावे लागले.

सगळी सुरुवात वासरापासून होते. चीक पाजताना, पहिल्या तासातच, आम्ही वासराच्या कानामागे, कासेच्या जागी, पायांवरून हात फिरवतो आणि पुढे दूध तुटेपर्यंत दोघींपैकी एकजण रोज खरारा करते. अशा कालवडीला पहिल्या वेतात बांधावेच लागत नाही. पहिलारू कालवडींना विण्यापूर्वी तीन आठवड्यांपासून आम्ही रोज इतर गाईंबरोबर यंत्राच्या जागेतून फिरवतो, मूठभर पेंड देतो, यंत्राचा आवाज ऐकू देतो आणि कासेला हात लावून सोडतो. विल्यानंतर दुखऱ्या कासेने, बावरलेल्या मनाने तिने ती जागा पहिल्यांदा पाहिली तर तिने लाथ मारणे मला चुकीचे वाटत नाही. ज्या गोठ्यावर तुम्ही जाणार आहात तेथे 140 गाई आहेत, म्हणजे वर्षाला तीस-चाळीस तरी पहिलारू येत असणार. तेवढे एक काम तुम्ही नीट बसवले तरी वर्षभरात कळपाचा स्वभाव बदललेला दिसेल.

ताज्या विलेल्या गाईपासून मात्र सावध राहा. आमची सर्वांत गरीब गाय, जिच्या पाठीवर माझी मुले बसत, तिने विल्याच्या दिवशी सासूबाईंना गव्हाणीवर दाबून धरले होते, कारण त्या तिच्यात आणि वासरात उभ्या राहिल्या होत्या. वासराला उचलायचे असेल तर ते आईच्या नजरेसमोर ठेवून, स्वतःच्या मागे निसटायला वाट ठेवूनच उचलावे.

वडिलांविषयी एवढेच सांगते की त्यांना एकदा सकाळच्या धारेला तेथे घेऊन जा. त्यांनी खिल्लार सांभाळले आहेत, म्हणजे जनावर कसे उभे आहे यावरून त्याचे पोट दुखते की पाय, हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा अधिक कळते. त्यांना विचारा की या कळपात कोणत्या गाईकडे आधी बघावे. मला वाटते, ते कामाला नाव ठेवत नाहीत, मुलाचे हाल होतील याची त्यांना धास्ती आहे.


नीराकाठ (प्रश्नकर्ता)

आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. काल मालकांशी बोललो. निसटायच्या फटी पाडणे, वळणावर रबराची चटई टाकणे आणि जखमी कामगाराला हात बरा होईपर्यंत भरपगारी रजा देणे या तीन गोष्टी त्यांनी मान्य केल्या. पाईपाविषयी त्यांनी एक महिना करून दाखव असे सांगितले. वडील येत्या रविवारी बरोबर येणार आहेत. त्या लंगड्या गाईला काल दोन गाईंसोबत बोळात घेतले, तेव्हा ती सात-आठ मिनिटांत खोड्यात गेली. तिच्या खुरात खरोखरच खडा निघाला.

एक प्रश्न राहिला. गोठ्यात एक होल्स्टिन वळू मोकळा आहे, माज ओळखायला तो गाईंमध्येच सोडतात. तो गरीब आहे, हाताने पेंड खातो असे सगळे म्हणतात. त्याच्याशी कसे वागावे?


गव्हाण (प्रतिसाद)

यात मी जराही सवलत देणार नाही. दुधाळ जातीचे वळू माणसाच्या हाताखाली वाढतात म्हणून त्यांना माणसाचे भय उरत नाही, आणि याच कारणामुळे ते रानटी वळूपेक्षा अधिक धोक्याचे असतात. हाताने पेंड खाणाऱ्या वळूनेच माणूस चिरडल्याच्या घटना आमच्या भागात घडल्या आहेत. तो आडवा उभा राहून अंग फुगवून दाखवू लागला, मान खाली घालून डोळे वर करू लागला किंवा पुढच्या पायाने माती उकरू लागला, की त्याच्याकडे पाठ न करता तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागे सरत कप्प्याबाहेर पडावे, पळू नये. कप्प्यात एकट्याने कधीही जाऊ नये आणि मुलांना, पाहुण्यांना तर मुळीच जाऊ देऊ नये.

140 गाईंच्या गोठ्यात जेथे रेतन कृत्रिमच होते, तेथे माज ओळखण्यासाठी पहाटे, दुपारी आणि रात्री वीस-वीस मिनिटे कळपाजवळ शांत उभे राहणारा माणूस पुरतो. ते काम तुमच्याकडेच आहे. माज साधारण 21 दिवसांनी परत येतो, पहिल्या महिन्यात त्या हिशेबाने माजाची वही नीट लिहून दाखवा आणि मग तो वळू वेगळ्या, भक्कम कप्प्यात हलवण्याची मागणी मालकांपुढे ठेवा. तोपर्यंत पार्लरकडे गाई नेताना तो कुठे आहे हे आधी पाहून मगच फाटक उघडत जा.